हात आणि डोके : आचार्य प्रफुल्लचंद्र राय
बी. ए. तृतीय वर्ष (इतिहास)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र येते. बहुधा ते संताचे, समाजसुधारकाचे किंवा राष्ट्रपुरुषाचे असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावयास घ्यावे, याचे काहींना नवल वाटेल. त्यामागे माझी दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा रसायनशास्त्रज्ञ स्वतःच इतिहासकार होता आणि त्याने लिहिलेला इतिहास आपण वाचल्यावाचून पुढे जाऊ नये अशा योग्यतेचा आहे. दुसरे कारण असे की, विज्ञान शाखेकडे गेलेले माझे काही मित्र भेटले की त्यांच्या बोलण्यात हल्ली दोन शब्द वारंवार येतात. एक मायक्रोवेव्ह आणि दुसरा आयनी द्रव. या दोन गोष्टी आल्या कोठून, हे शोधू लागलो तेव्हा माग थेट कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजपर्यंत गेला. तेथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दोन जिवलग मित्र शिकवीत होते. एक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जगदीशचंद्र बसू आणि दुसरे रसायनशास्त्राचे प्राध्यापक प्रफुल्लचंद्र राय.

आधी या दोन शब्दांची थोडी ओळख करून घेऊ. आपल्या जेवणातले मीठ म्हणजे धन आणि ऋण विद्युतभार असलेल्या कणांची, म्हणजे आयनांची, घट्ट रचना. ती मोडून मीठ वितळण्यास सुमारे 801 अंश सेल्सिअस उष्णता लागते. परंतु हे आयन मोठे आणि वेड्यावाकड्या आकाराचे असले, तर ते एकमेकांशेजारी नीट बसत नाहीत, आणि असा क्षार शंभर अंशांच्या आतच, कधी कधी नुसत्या हवेच्या उष्णतेवरही द्रवरूप राहतो. हाच आयनी द्रव. रॉकेल किंवा स्पिरिटप्रमाणे तो सहजासहजी उडून जात नाही आणि बहुधा पुन्हा पुन्हा वापरता येतो. मायक्रोवेव्हची गोष्ट वेगळी. चुलीवर पातेले ठेवले की आधी पातेले तापते, मग कडेचे पाणी, मग मधले. मायक्रोवेव्हच्या लहरी द्रवात शिरून त्यातील विद्युतभारित कणांनाच हलवितात आणि द्रव आतूनच तापू लागतो. आयनी द्रव तर सगळा आयनांचाच बनलेला. त्यामुळे तो या लहरींनी फार लवकर तापतो. या दोहोंची सांगड घातली की पूर्वी तासन् तास चालणारी कित्येक रासायनिक कामे काही मिनिटांत होतात. औषधांतील संयुगे आणि धातूंचे अतिसूक्ष्म कण तयार करण्याचे प्रयोग अशा रीतीने जगभर चालू आहेत. सांगण्याजोगी गोष्ट ही की, या सांगडीच्या दोन्ही टोकांशी संबंध असलेले काम त्या दोन मित्रांनी एकाच कॉलेजात केले होते.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म 2 ऑगस्ट 1861 रोजी बंगालमधील रारुली या खेड्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. रवींद्रनाथ टागोरही त्याच वर्षी जन्मले. वडील हरिश्चंद्र राय हे जमीनदार असले तरी पुस्तकांचे वेडे होते. फारसी आणि इंग्रजीचे जाणकार होते. मुलांच्या शिक्षणासाठी 1870 च्या सुमारास ते कुटुंबासह कलकत्त्यास आले. हेअर स्कूलमध्ये शिकत असताना 1874 साली प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा इतका भयंकर विकार जडला की, जवळजवळ दोन वर्षे शाळा सुटली. प्रकृती त्यानंतर जन्मभर नाजूकच राहिली. परंतु त्या दोन वर्षांत अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वडिलांच्या ग्रंथसंग्रहाचा फडशा पाडला. इतिहास, चरित्रे, इंग्रजी वाङ्मय हे त्यांचे पहिले प्रेम. पुढे ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये ते दाखल झाले. तेथे विज्ञानाची सोय नसल्यामुळे रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकण्यास ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जात. पेडलर या प्राध्यापकांचे वर्गातले प्रयोग पाहून हा वाङ्मयप्रेमी मुलगा रसायनशास्त्राकडे ओढला गेला. ही ओढ एवढी की, एका मित्राच्या बिऱ्हाडी त्यांनी चिमुकली प्रयोगशाळाच मांडली.

1882 साली त्यांनी गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळविली. त्या परीक्षेसाठी अनेक भाषा याव्या लागत; आजारपणात केलेले वाचन अशा वेळी कामास आले. ते एडिंबरोस गेले आणि क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली शिकू लागले. तेथेही इतिहास त्यांना सोडीना. 1885 साली विद्यापीठाने 1857 च्या उठावापूर्वीचा आणि नंतरचा हिंदुस्थान या विषयावर निबंधस्पर्धा जाहीर केली. प्रफुल्लचंद्रांनी काही काळ प्रयोगशाळा बाजूला ठेवून इतिहासाचे आणि अर्थशास्त्राचे ढीगभर ग्रंथ वाचले आणि ब्रिटिश राज्यकारभारावर कडक टीका करणारा निबंध लिहिला. बक्षीस मिळाले नाही; परीक्षकांनी निबंधाची वाखाणणी मात्र केली. विलायतेत शिष्यवृत्तीच्या आधारावर शिकणाऱ्या चोवीस वर्षांच्या परदेशी विद्यार्थ्याने हे लिहावे, यात केवढे धैर्य होते याचा विचार आपण करावा. 1887 साली त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली.

1888 साली ते मायदेशी परतले, ते बेकार होण्यासाठीच. वरच्या श्रेणीच्या शिक्षणसेवेची दारे हिंदी माणसास जवळजवळ बंद होती. एडिंबरोची पदवी असलेला हा तरुण सुमारे वर्षभर मित्राच्या घरी राहिला. तो मित्र म्हणजेच जगदीशचंद्र बसू. बसूंनीही हा अपमान सोसला होता. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून तीन वर्षे पगारास न शिवता ते शिकवीत राहिले होते. अखेरीस 1889 साली प्रफुल्लचंद्रांना प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा अडीचशे रुपयांवर हंगामी साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली.

या दोन मित्रांनी पुढच्या काही वर्षांत जे केले, ते आठवले म्हणजे मन थक्क होते. 1895 च्या सुमारास बसूंनी स्वतः जुळवलेल्या उपकरणांतून अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण केल्या. कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा त्यांनी तारेवाचून वाजवून दाखविली. आज आपण ज्यांना मायक्रोवेव्ह म्हणतो त्याच कुळातील या लहरी. या लहरींनी अन्न शिजविण्याची कल्पना अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांस सुचली ती 1945 च्या सुमारास, आणि रासायनिक प्रयोगांसाठी घरगुती मायक्रोवेव्ह वापरल्याचे गाजलेले निबंध आले 1986 साली.

प्रफुल्लचंद्रांचे संशोधन सुरू झाले ते तूप आणि तेल यांतील भेसळीपासून. तीन वर्षे नमुने गोळा करून, स्वतःच्या देखरेखीखाली दूध काढवून, तूप कढवून त्यांनी हे काम केले. त्यानंतर ते पाऱ्याकडे वळले. पाऱ्यावर विरल नायट्रिक आम्लाची क्रिया चालू असताना त्यांना पिवळ्या रंगाचे स्फटिक जमलेले दिसले. दुसऱ्या एखाद्याने ते फेकून दिले असते. यांनी तपासले, आणि मर्क्युरस नायट्राइट हे संयुग 1896 साली जगापुढे मांडले. तेथून नायट्राइट या क्षारांच्या मागे ते जे लागले ते वीस वर्षे. अमोनियम नायट्राइट हा मोठा चंचल पदार्थ. त्याचे नायट्रोजन आणि पाणी होऊन तो नाहीसा होतो, अशी त्याची ख्याती. काळजीपूर्वक शुद्ध केल्यास निर्वात नळीत त्याची वाफही करता येते, हे त्यांनी दाखवून दिले आणि 1912 साली लंडनच्या रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडले. विल्यम रॅमसे यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने त्यांचे अभिनंदन केले.

आमच्या विषयाशी जवळचा धागा येथेच आहे. अमोनियम नायट्राइटमधील हायड्रोजनच्या जागी कार्बनी गट बसविले तर काय होते, हे ते पाहू लागले. 1911 साली जितेंद्रनाथ रक्षित या सहकाऱ्याबरोबर त्यांनी इथिल अमोनियम, डायमिथिल अमोनियम आणि ट्रायमिथिल अमोनियम यांच्या नायट्राइटांवर निबंध प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी, 1914 साली, पॉल वाल्डेन यांनी इथिल अमोनियम नायट्रेट हा 12 अंशांवरच वितळणारा क्षार नोंदविला, आणि आयनी द्रवांचा इतिहास बहुधा तेथून सांगितला जातो. एक नायट्राइट आणि दुसरा नायट्रेट; दोहोंत फरक ऑक्सिजनच्या एका अणूचा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे जपून पाऊल टाकावे असे मला वाटते. हा शोध मुळात आपलाच, असे म्हणून टाळ्या घेण्याचा मोह सुटणे अवघड आहे. पण खुद्द वाल्डेन यांच्याही आधी, 1888 साली जर्मनीत कमी उष्णतेवर वितळणारा असाच एक क्षार नोंदला गेला होता. शिवाय राय किंवा वाल्डेन यांच्यापैकी कोणासही पुढे येणाऱ्या उपयोगाची कल्पना असणे शक्य नव्हते. हवापाण्यात टिकणारे आणि म्हणून सर्वत्र वापरता येणारे आयनी द्रव 1992 साली आले. तेव्हा हक्क सांगण्यापेक्षा एवढेच म्हणावे की, ज्या वाटेने जग पुढे गेले त्या वाटेवर कलकत्त्याच्या एका प्राध्यापकाची पावले फार लवकर उमटली होती. मला तर याचेच मोल अधिक वाटते.

अशी जपून बोलण्याची रीत स्वतः प्रफुल्लचंद्रांनीच घालून दिली आहे. 1902 आणि 1909 साली त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला. फ्रान्सचे थोर रसायनशास्त्रज्ञ बर्तेलो यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी हे काम हाती घेतले होते. जुन्या रसशास्त्राच्या हस्तलिखित पोथ्या ठिकठिकाणांहून मिळवून, पाठ तपासून, काल ठरवून त्यांनी हे काम केले. पाऱ्याच्या भस्मांचे, जस्त काढण्याच्या रीतींचे वर्णन करताना त्यांना अभिमान वाटे. पण सगळे काही आमच्याकडे होतेच असा आव त्यांनी आणला नाही. उलट, ज्या देशात एवढे ज्ञान होते तेथे ते पुढे खुंटले का, हा कठीण प्रश्न त्यांनी विचारला.

त्याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही झोंबणारे आहे. जातिभेद कडक झाला, हाताने काम करणे हलके ठरले, आणि विचार करणारा वर्ग भट्टी, मुशी, रंगाची पिंपे यांपासून दूर गेला. ज्या सुश्रुताने प्रेत चिरून शरीर शिकण्यास सांगितले, त्याच्याच देशात प्रेतास शिवणे विटाळाचे झाले. लोहार, कासार, रंगारी, चर्मकार यांच्या हातात कसब राहिले, परंतु का आणि कसे हे विचारण्याची विद्या त्यांना मिळू दिली नाही. ज्यांच्याजवळ विद्या होती त्यांनी हात मळविले नाहीत. जगास मिथ्या मानणाऱ्या तत्त्वज्ञानालाही त्यांनी यात दोष दिला. हे सगळे मत सर्वांस मान्य होईल असे नाही, आणि अभ्यासकांनी त्यावर वादही केला आहे. तरी हात आणि डोके यांची फारकत हे आपल्या दुखण्याचे मूळ आहे, हा त्यांचा सिद्धान्त मला त्यांच्या सर्व शोधांहून मोठा वाटतो. कारण त्यांनी तो केवळ लिहिला नाही. स्वतःच्या आयुष्यात ती फारकत मिटवून दाखविली.

अप्पर सर्क्युलर रोडवरच्या त्यांच्या राहत्या घरात 1892 च्या सुमारास अवघ्या सातशे रुपयांच्या भांडवलावर बेंगॉल केमिकलची सुरुवात झाली. देशी औषधे येथेच तयार करावीत आणि पदवीधरांनी नोकरीच्या अर्जांमागे न धावता उद्योग करावा, हा हेतू. फॉस्फेटसाठी त्यांनी कसायांकडून जनावरांची हाडे विकत आणली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली. पाऊस आला, हाडांना किडे पडले, कावळ्यांनी तुकडे शेजाऱ्यांच्या घरांवर टाकले, दुर्गंधीने आळी हैराण झाली. शेवटी हाडे गावाबाहेर नेऊन जाळावी लागली, तर रात्रीचा जाळ पाहून पोलीस चौकशीस आले! आज हे वाचताना हसू येते. पण उच्चवर्णीय प्राध्यापकाने त्या काळी गुराढोरांची हाडे हाताळणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांत वाढलेल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. दिवसा कॉलेज, संध्याकाळी कारखाना असा त्यांचा क्रम होता. डॉ. अमूल्यचरण बोस हे त्यांचे उजवे हात. ते 1898 च्या प्लेगने गेले. दुसरे एक तरुण सहकारी विषारी आम्लाच्या अपघाताने दगावले. तरीही काम थांबले नाही. 1901 साली तिची मर्यादित कंपनी झाली, आणि 1980 साली ती सरकारच्या मालकीची झाली.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा जुळला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे. कायदेमंडळाच्या कामासाठी गोखले कलकत्त्यास राहत आणि प्रफुल्लचंद्र त्यांच्या शेजारीच असत. दोघांची गाढ मैत्री झाली. 1902 च्या आरंभी आफ्रिकेतून आलेले तरुण गांधी गोखल्यांकडे महिनाभर उतरले होते. गोखल्यांनी राय यांची ओळख करून दिली ती अशी की, यांना आठशे रुपये पगार आहे, त्यातले चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकीचे हे लोककार्यास देतात, आणि यांनी लग्न केलेले नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत पंचाहत्तर रुपयांवर आयुष्य वाहिलेल्या गोखल्यांना या माणसाची किंमत कळली यात आश्चर्य नाही. गांधींचे कलकत्त्यातील पहिले जाहीर व्याख्यान घडवून आणण्यात राय यांचाच पुढाकार होता.

1916 साली प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन ते आशुतोष मुखर्जींच्या बोलावण्यावरून विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात आले आणि तेथल्याच एका खोलीत राहू लागले. एक खाट, पुस्तके, आणि भोवती गरीब विद्यार्थी असा त्यांचा संसार. साठी पूर्ण झाल्यावर, 1921 पासून, त्यांनी आपला सगळा पगार विद्यापीठासच देऊन टाकला. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर हे त्यांचे विद्यार्थी. यांपैकी साहांना जातीमुळे वसतिगृहात पंक्तिभेद सोसावा लागला होता, आणि घोषांनी पुढे द्रावणातील आयनांच्या वागणुकीवरच सिद्धान्त मांडून नाव मिळविले. 1924 साली इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष प्रफुल्लचंद्रच होते.

1921 साली खुलना भागात दुष्काळ पडला आणि 1922 साली उत्तर बंगालमध्ये महापूर आला. साठी ओलांडलेला, पोटाच्या दुखण्याने जर्जर झालेला हा प्राध्यापक गावोगाव हिंडला. सायन्स कॉलेजात धान्य-कपड्यांचे ढीग लागले, विद्यार्थी स्वयंसेवक झाले. 1972 च्या दुष्काळाच्या कहाण्या आपण मराठवाड्यातील मुलांनी आजीआजोबांकडून ऐकल्या आहेत. त्या ऐकलेल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही. 16 जून 1944 रोजी सायन्स कॉलेजातील त्या खोलीतच त्यांचे देहावसान झाले. 2011 साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्यांच्या कार्याच्या गौरवार्थ स्मृतिफलक दिला.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. परभणीच्या काळ्या मातीतला कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. ते पाण्यात विरघळत नाही, साध्या द्रावकांत विरघळत नाही. 2002 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, विशिष्ट आयनी द्रवात ते विरघळते आणि मायक्रोवेव्हची उष्णता दिल्यास अधिकच चांगले विरघळते. म्हणजे त्या दोन मित्रांच्या विद्या एकत्र आल्या त्या आपल्या शेतातल्या धाग्यावर! आयनी द्रव महाग आहेत, त्यांतील काही पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत, तेव्हा उद्याच सोने पिकेल असे कोणी समजू नये. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये रसायने ठेवण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये. पण वेचणी संपल्यावर बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांकडे केवळ जळण म्हणून पाहावे, की प्रफुल्लचंद्रांनी हाडांकडे पाहिले तसे कच्चा माल म्हणून पाहावे, हा प्रश्न आपलाच आहे. आपल्यातील कित्येकांचे आईवडील हातांनी राबतात, आणि आपण पुन्हा तसे राबावे लागू नये म्हणूनच शिकतो. त्यांची ती इच्छा योग्यच आहे. मात्र शिक्षणाने आपले हात आणि त्यांचे हात यांत भिंत उभी राहिली, तर ज्या चुकीने या देशाची विद्या खुंटली असे प्रफुल्लचंद्र सांगत, तीच चूक आपण पदवी घेऊन करू. आपल्याला प्रयोगशाळा नसेल. पण शेत आहे, माग आहे, भट्टी आहे, आणि तेथे काम करणाऱ्या माणसास का आणि कसे हे विचारण्याची मुभा इतिहासाच्या विद्यार्थ्यासही आहे. तेथून सुरुवात करण्यास शिष्यवृत्ती लागत नाही.